एकाच गल्लीत चार पुनर्विकास : डंपर आणि मिक्सरचं नियोजन कसं करायचं?

शैलजा_कोथरूड

नमस्कार मंडळी. पुनर्विकासावर इथे बरेच धागे आहेत, पण ते बहुतेक कार्पेट (घराचं आतलं क्षेत्रफळ), कॉर्पस (विकसकाकडून मिळणारा निधी) आणि भाड्याबद्दलचे. मला विचारायचंय ते गाड्यांबद्दल.

आमची गल्ली कोथरूडमधली, ऐंशीच्या दशकात वसलेली. दोन्ही बाजूंना तीन मजली इमारती. रस्ता सहा मीटर. महापालिकेने तो नऊ मीटरचा आखला आहे, पण ती रुंदी मिळणार प्रत्येक प्लॉटने पुढची दीड मीटर जागा सोडल्यावर, म्हणजे सगळी कामं संपल्यावर. आज हातात सहाच मीटर, त्यातही एका बाजूला चारचाकी उभ्या. गल्लीचं एक टोक मोठ्या रस्त्याला, दुसरं बंद. आणि तोंडाशीच प्राथमिक शाळा.

या गल्लीतल्या आमच्यासकट चार सोसायट्या साधारण एका वर्षाच्या आत रिकाम्या होणार आहेत. चार वेगळे विकसक, चार वेगळे ठेकेदार. आमच्या विकसन कराराचा मसुदा सध्या वकिलांकडे आहे. त्यात बँक गॅरंटी आहे, लिफ्टची कंपनी आहे, नळांचा ब्रँडसुद्धा आहे. गाड्यांबद्दल एकच ओळ : "विकसक शेजाऱ्यांना त्रास होणार नाही याची दक्षता घेईल."

या ओळीने काहीही होणार नाही हे मला कळतं. पण तिच्या जागी काय लिहायचं ते कळत नाही. किती गाड्या येणार हे आधी कळू शकतं का? वेळा ठरवता येतात का? समोरच्या बाजूला जे राहतात, ज्यांचा कुठल्याच विकसकाशी करार नाही, त्यांनी कोणाला धरायचं? या क्षेत्रातल्या लोकांनी कृपया सविस्तर लिहा. मी सोसायटीची सचिव आहे, पण हे सगळ्या गल्लीसाठी विचारते आहे.

विनय_स्थापत्य

शैलजाताई, गाड्या मोजता येतात, आणि त्या पाडकामाच्या आधीच मोजायला हव्यात. कुठल्याही साइट इंजिनीअरला कागद-पेन्सिल घेऊन हे अर्ध्या तासात काढता येतं. सहसा कोणी मागत नाही म्हणून ते काढलं जात नाही.

तुमचा प्लॉट हजार चौरस मीटरचा, म्हणजे दहा गुंठ्यांच्या आसपासचा धरतो.

पाडकाम. जुन्या इमारतीचं सगळं मिळून पंधराशे चौरस मीटर बांधकाम असेल, तर राडारोडा साधारण पंधराशे टन. दहाचाकी डंपर कायद्याने सतरा-अठरा टन माल नेऊ शकतो. म्हणजे नव्वद खेपा. लोखंड, दारं-खिडक्या भंगारवाला टेम्पोने नेतो, ते वेगळं.

खोदाई. हा सगळ्यात जड भाग. आठशे चौरस मीटरचं, चार मीटर खोल तळघर म्हणजे ३,२०० घनमीटर जागचा माल. खोदल्यावर मुरूम फुगतो, पंचवीस-तीस टक्क्यांनी, आणि खाली काळा दगड लागला तर त्याहून जास्त. तीस टक्केच धरा. झाले सुमारे ४,१५० घनमीटर, म्हणजे १,४७० ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, सुमारे २.८३ घनमीटर). आता इथे लक्ष द्या. ठेकेदार म्हणेल, "हायवात, म्हणजे डंपरमध्ये, सहा ब्रास बसतात, अडीचशे खेपांत काम होईल." बसतात, पण ते ओव्हरलोड आहे. दहाचाकीत कायद्यात राहून साधारण चारच ब्रास नेता येतात. म्हणजे पावणेचारशेच्या घरात खेपा. खेपा कमी म्हणून खूश होऊ नका. ड्रेनेजची झाकणं आणि उथळ टाकलेल्या पाण्याच्या लाइनी फुटतात त्या याच सहा ब्रासने. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला वीस हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार दंड आहे. करारात "फक्त परवानगीच्या वजनात" असं स्पष्ट घाला.

काँक्रीट. नवीन बांधकाम पाच हजार चौरस मीटर धरलं तर चौरस मीटरमागे ०.४ घनमीटरने दोन हजार घनमीटर, तळघराच्या भिंती आणि राफ्ट (पायाचा सलग जाड स्लॅब) धरून थोडं जास्त. एका मिक्सरमध्ये सहा घनमीटर. म्हणजे साडेतीनशे मिक्सर. स्टीलचे ट्रेलर मोजके, दहा-बारा, पण सळई बारा मीटर लांबीची, त्यामुळे तो ट्रेलर तुमच्या गल्लीत वळणारच नाही. यावर उपाय म्हणजे कापून-वाकवून तयार केलेलं स्टील मागवणं. ते लहान ट्रकवर येतं.

बेरीज केली तर आठशेच्या वर अवजड गाड्या, एका प्लॉटसाठी. प्रत्येक गाडी येते आणि जाते, म्हणजे शाळेसमोरून सोळाशे वेळा. चार प्लॉट म्हणजे सहा हजारांच्या वर. त्यानंतर ब्लॉक, टाइल्स, प्लास्टरचा माल, खिडक्या. हे सगळं टेम्पोतून येतं, त्याची मोजदाद करत बसू नका.

हा आकडा विकसकाकडून लेखी घ्या, टप्प्याटप्प्याने. आणि खोदाईचा आकडा पडताळायची सोय आहे. खोदलेला मुरूम बाहेर न्यायला गौण खनिजाचा परवाना लागतो, त्यात किती ब्रास ते लिहिलेलं असतं. त्याला चाराने भागा. उत्तर विकसकाच्या आकड्याशी जुळत नसेल, तर एकतर गाड्या ओव्हरलोड जाणार आहेत किंवा माल चोरून जाणार आहे.

रेवाची_आई

आकडे वाचून पोटात गोळा आला. माझी मुलगी अशाच एका शाळेत जाते. शाळा सुटते तेव्हा गेटबाहेर रिक्षा, स्कूटरवरचे पालक, आजी-आजोबा आणि त्यातूनच मागे येणारा डंपर.

जानेवारी २०२५ मध्ये हिंजवडीत वळणावर काँक्रीटचा मिक्सर उलटला आणि शेजारून दुचाकीवर जाणाऱ्या दोन तरुण मुली त्याखाली गेल्या. ती बातमी वाचल्यापासून मिक्सर दिसला की मी गाडी बाजूला घेते. इतकी जड गाडी साध्या वळणावर उलटते कशी? कोणाला माहीत असेल तर सांगा. आणि मुलांना नेमकं काय शिकवायचं, तेही सांगा.

प्लांट_डिस्पॅच

मी रेडीमिक्स प्लांटवर, म्हणजे तयार काँक्रीट बनवून पाठवतात तिथे, डिस्पॅच बघतो : कुठली गाडी कधी सोडायची ते. रेवाच्या आईंना आधी उत्तर देतो.

मिक्सरचा ड्रम चेसिसच्या बराच वर असतो, त्यामुळे भरलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य उंच. शिवाय ड्रम सतत फिरत असतो, आणि आतलं ओलं काँक्रीट फिरण्याच्या दिशेला एका बाजूवर चढतं. म्हणजे गाडी सरळ चालत असतानाही वजन एका अंगाला कललेलं असतं. त्या अंगाला झुकवणारं वळण जरा वेगात घेतलं, किंवा आतलं चाक दुभाजकावर चढलं, की गाडी जाते. यासाठी फार वेग लागत नाही. म्हणून मिक्सरच्या शेजारून वळण घेऊ नका, कधीच नाही. थांबा, त्याला जाऊ द्या. मुलांना एवढं शिकवा : आरशात ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर तुम्हीही त्याला दिसत नाही. डावी बाजू आणि बोनेटच्या अगदी समोरची जागा सगळ्यात वाईट, तिथे उभं मूल सीटवरून दिसत नाही.

आता स्लॅबच्या दिवसाबद्दल. गल्लीतलं सगळ्यात मोठं भांडण त्या दिवशी होतं, आणि त्याचं कारण लोकांपर्यंत कधी पोहोचत नाही.

भारतीय मानक ४९२६ प्रमाणे गाडी भरल्यापासून दोन तासांत काँक्रीट रिकामं व्हायला हवं. सेट व्हायला वेळ लावणारं रसायन घातलं तर मुदत वाढते, पण अमर्याद नाही. साडेचारशे चौरस मीटरचा स्लॅब बीमसकट नव्वद-शंभर घनमीटर, म्हणजे सोळा-सतरा मिक्सर. पंप तासाला वीस-पंचवीस घनमीटर खेचतो, म्हणजे दर पंधरा मिनिटांना एक गाडी. मध्ये मोठा खंड पडला तर आधीचा थर घट्ट होऊन नव्याशी जुळत नाही. त्या सांध्यातून पुढे आयुष्यभर पाणी गळतं. म्हणून स्लॅब एकदा सुरू झाला की तो पुरा करावाच लागतो. रहिवासी संतापून मधली गाडी अडवतात तेव्हा खरं तर त्यांच्याच शेजाऱ्यांचं छत बिघडतं. हरकत घ्यायची ती आदल्या आठवड्यात, वेळापत्रकावर.

मग सोळा गाड्या गल्लीत रांग का लावतात? सुपरवायझर घाबरून "सगळ्या सोडा" म्हणतो म्हणून. गाड्या गल्लीत दोनच हव्यात : एक रिकामी होणारी आणि एक तिच्या मागची. बाकीच्या प्लांटवर, किंवा मोठ्या रस्त्यावर पोलिसांनी मान्य केलेल्या जागी. गेटवरचा माणूस डिस्पॅचला फोन करेल तेव्हाच पुढची सुटेल. हे आम्ही मोठ्या साइटवर रोज करतो. छोट्या साइटवर कोणी सांगितलं तर तिथेही करू.

पंप कुठला हेही करारात लिहा. बूम पंप, म्हणजे गाडीवरचा लांब हाताचा पंप, त्याचे पाय पसरून उभा राहतो, सहा मीटरच्या गल्लीत तो उभा राहिला की रस्ता बंद, अँब्युलन्ससुद्धा जाणार नाही. स्टेशनरी पंप गेटच्या आत बसतो, पाइपलाइनने काँक्रीट वर जातं. वेळ थोडा जास्त लागतो, पण तुमच्या गल्लीला दुसरा पर्याय नाही.

निवृत्त_वाहतूक

माझी नोकरी वाहतूक शाखेत झाली. दोन-तीन गोष्टी सांगतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली जड वाहनांना ठरावीक रस्त्यांवर, ठरावीक वेळी बंदी करता येते, आणि शहरात सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेला ती असतेच. अधिसूचना तुमच्या विभागाच्या वाहतूक कार्यालयातून मागून घ्या आणि प्रत सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावा. शाळेच्या वेळा त्या बंदीत बसत नसतील तर मुख्याध्यापकांच्या सहीने अर्ज करा. रहिवाशांच्या अर्जापेक्षा शाळेच्या अर्जाला आमच्याकडे जास्त वजन असतं, हे अनुभवाने सांगतो.

पण बंदीची दुसरी बाजूही समजून घ्या. सकाळी बंदी, संध्याकाळी बंदी, म्हणून ठेकेदार रात्री काम काढतो. रात्री दहा ते सकाळी सहा ही ध्वनी नियमांप्रमाणे रात्र, निवासी भागात मर्यादा ४५ डेसिबल. पंप आणि रिव्हर्सचा भोंगा त्यात बसत नाही. मग लोक ११२ ला फोन करतात, बीटचा हवालदार येतो, काम थांबतं, आणि वरच्या डिस्पॅचवाल्या साहेबांनी सांगितलं तसा स्लॅब अर्धा राहतो. यातून मार्ग एकच. स्लॅब दुपारच्या मोकळ्या वेळेत बसेल इतक्या भागांत विभागायचा. मोठा स्लॅब दोन दिवशी घालायचा, सांधा कुठे ठेवायचा ते स्ट्रक्चरल इंजिनीअरने नकाशावर आधीच दाखवायचं. हे तांत्रिकदृष्ट्या पूर्ण मान्य आहे, फक्त दोनदा तयारी करावी लागते म्हणून ठेकेदाराला नको असतं.

रस्त्यावर सळया, वाळू, पत्रे टाकून अडथळा केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८५ लागतं. तक्रार करताना फोटोवर वेळ-तारीख हवी आणि गाडीचा नंबर दिसायला हवा. "रोज त्रास होतो" या तक्रारीवर पोलीस काही करू शकत नाही.

गाडीमालक_मुळशी

माझे दोन डंपर आहेत. इथे ड्रायव्हरबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

ड्रायव्हरला बहुतेक ठिकाणी खेपेवर पैसे मिळतात. जितक्या खेपा तितकी कमाई. साइटवर पोकलेन (खोदाईचं यंत्र) भरायला वेळ लावतो, चांदणी चौकात ट्रॅफिक, खाली करायच्या जागी रांग. मधला गेलेला वेळ तो कुठे भरून काढणार? तुमच्या गल्लीत आणि रिकाम्या परतीच्या रस्त्यावर. वेगमर्यादेच्या पाट्या कितीही लावा, पैसे खेपेवर आहेत तोवर गाडी पळणारच. विकसकाला सांगा की खोदाईच्या ठेक्यात गाडीचे पैसे दिवसावर किंवा तासावर धरा. माझ्या गाड्या एका साइटवर दिवसाच्या भाड्याने होत्या. तिथे ड्रायव्हर शाळेजवळ स्वतःहून थांबायचे, कारण थांबण्याने त्यांचं नुकसान नव्हतं.

दुसरं, क्लीनर. पूर्वी प्रत्येक गाडीवर असायचा. मागे घेताना खाली उतरून हात करायचा. आता खर्च वाचवायला बहुतेक गाड्या एकाच माणसावर चालतात. बंद गल्लीत एकट्या ड्रायव्हरला मागे घ्यायला लावणं हे त्याच्यावरही अन्याय आहे. आरशात त्याला चाकामागचं पोर दिसत नाही, आणि काही झालं तर आयुष्यभर त्यालाच ते घेऊन जगायचं असतं. गेटवर साइटचा माणूस हवाच, शिट्टी आणि झेंडी घेऊन, आणि तो नसेल तर ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही.

आणि मुरूम कुठे खाली होतो ते विचारा. लांब न्यायला डिझेल लागतं म्हणून काही जण नदीपात्राच्या कडेला टाकतात. मुठेचं काय झालंय ते सगळे बघतोय.

टेम्सकाठी

मूळची कर्वेनगरची, आता लंडनमध्ये बांधकाम नियोजनात काम करते. इथली पद्धत तशीच्या तशी पुण्यात चालणार नाही, तरी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

इथे मोठ्या कामाला परवानगी देतानाच नगरपालिका बांधकाम वाहतुकीचा आराखडा मागते. त्यात गाड्यांची संख्या महिन्यानुसार, येण्याजाण्याचा मार्ग, थांबायची जागा, शाळांच्या वेळा, गेटवर कोण उभं राहणार, सगळं. प्रत्येक गाडीला वेळ आधी राखून ठेवावी लागते. न कळवता आलेली गाडी गेटवरून परत पाठवतात. त्यामागे दुःखद इतिहास आहे. सायकलस्वारांच्या मृत्यूंत अवजड गाड्यांचा, विशेषतः बांधकामाच्या गाड्यांचा वाटा फार मोठा निघाला. त्यातून २०१३ मध्ये बांधकाम वाहतुकीसाठी 'क्लॉक्स' नावाचं मानक आलं, आणि पुढे ड्रायव्हरला सीटवरून थेट किती दिसतं यावर ट्रकना तारे द्यायची पद्धत. बारा टनांवरच्या गाडीला ऑक्टोबर २०२४ पासून किमान तीन तारे हवेत, नाहीतर जादा सुरक्षा यंत्रणा बसवावी लागते.

पण मला खरं उपयोगी वाटतं ते वेगळंच. इथे आराखडा टप्प्याटप्प्याने काढतात, कारण प्लॉटच्या आतली जागा दर टप्प्याला बदलते. पाडकामाच्या वेळी डंपर आत जाऊन वळू शकतो. खोदाईच्या सुरुवातीला रॅम्पने खाली उतरतो. मग रॅम्पही खोदला जातो, तळघर कडेपासून कडेपर्यंत उघडं, आणि गाडीला आत पाय ठेवायला जागा नाही. तेव्हापासून तळघराचं छत तयार होईपर्यंतचे महिने रस्त्यासाठी सगळ्यात वाईट. विनय, तुमच्याकडे या काळात गाड्या कुठे उभ्या करतात?

विनय_स्थापत्य

अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. आमच्याकडे त्या काळात गाड्या रस्त्यावरच उभ्या राहतात, आणि ते कोणी ठरवलेलं नसतं.

दोन गोष्टी करता येतात. पुढच्या बाजूची, गेटजवळची पट्टी शेवटी खोदायची, किंवा तळघर तिथे थोडं मागे घ्यायचं. तळघरात दोन-तीन पार्किंग कमी होतात, पण एक मिक्सर पूर्ण आत उभा राहतो. दुसरं म्हणजे तळघराच्या छताचा पुढचा भाग आधी घालून घ्यायचा आणि तो भरलेल्या मिक्सरच्या वजनाला डिझाइन करायचा. अग्निशमनाची गाडी जिथे फिरणार असते तिथे स्लॅब तसाही जड धरलेला असतो, तो भाग आणि बांधकामाचं गेट एकाच बाजूला आणलं तर वेगळा खर्च फारसा नाही. पण हे स्ट्रक्चरल इंजिनीअरला नकाशे निघायच्या आधी सांगावं लागतं. शैलजाताई, तुमचे नकाशे अजून झाले नसतील तर आजच सांगा.

पार्ले_पूर्व

मुंबईचा अनुभव. आमच्याकडे महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये धुळीसाठी नियमावली काढली : जागेच्या आकारानुसार २५ ते ३५ फूट उंच पत्रे, हिरवं कापड, पाण्याचे फवारे, गेटवर टायर धुण्याची सोय, आणि गाड्या धुऊन बाहेर पडतात का, जास्त भरलेल्या नाहीत ना, हे दिसेल असे सीसीटीव्ही. त्याच वेळी उच्च न्यायालयाने बांधकामाचा माल पूर्ण झाकलेल्या गाड्यांतूनच न्यायला सांगितलं.

यातली टायर धुण्याची अट मला सगळ्यात मोलाची वाटते. पहिल्या पावसात मुरमाचा चिखल रस्त्यावर आला की स्कूटरवरची माणसं पडतात. आमच्या रस्त्यावर हे होत होतं. सोसायट्यांनी मिळून आग्रह धरल्यावर विकसकाने गेटच्या आत उथळ हौद केला, गाडी त्यातूनच बाहेर जायची. आणि मिक्सरची चूट (काँक्रीट ओतायची पन्हळ) गल्लीत धुऊ देऊ नका. ते सिमेंटचं पाणी गटारात जाऊन घट्ट होतं, मग पावसाळ्यात तुंबलेलं पाणी तळमजल्यावाल्यांच्या घरात. धुण्याचा खड्डा प्लॉटच्या आत हवा.

सदाशिव_पेठी

सगळं पटतंय, पण एक बाजू मांडतो. आमच्या सोसायटीचं काम रखडलंय आणि आम्ही भाड्याच्या घरात आहोत. आई पंच्याऐंशी वर्षांची आहे, तिला नवीन घर बघायचंय. इतक्या अटी घातल्या तर प्रत्येक स्लॅबला उशीर, दिवसाला गाड्या कमी, म्हणजे खोदाई महिनाभर लांबणार. ज्यांना घर सोडावं लागलं त्यांचाही विचार व्हावा. आणि हा खर्च विकसक शेवटी सभासदांच्याच चौरस फुटांतून काढणार ना?

प्लांट_डिस्पॅच

काका, तुमची काळजी रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देतो. उशीर अटींनी होत नाही, अडवणुकीने होतो. रात्रीचा स्लॅब पोलिसांनी थांबवला, लोकांनी गेटसमोर ठाण मांडलं, डंपरने चेंबर फोडून आठवडा पाणी बंद झालं, शेजारच्याने महापालिकेत तक्रार करून काम थांबवण्याची नोटीस आणली, तर त्यात जातात ते महिने. वेळापत्रक ठरलेलं असतं तिथे आमच्या गाड्या कमी वेळ उभ्या राहतात, एका गाडीच्या दिवसाला जास्त फेऱ्या होतात. खर्च वाढतो तो गेटवरच्या दोन माणसांच्या पगाराचा आणि हौदाचा. स्टेशनरी पंपाने फार फरक पडत नाही. आईंना नमस्कार सांगा.

गाडीमालक_मुळशी

खोदाईबद्दल मात्र काका म्हणतात ते खरं आहे. दिवसाला चाळीसऐवजी वीस खेपा केल्या तर दिवस दुप्पट लागणार. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण चारही खोदाया एकाच महिन्यात न काढता एकापाठोपाठ एक ठेवल्या, तर प्रत्येक साइटला गल्ली पूर्ण मिळते आणि तिच्या खेपा कमी कराव्या लागत नाहीत. ज्याची परवानगी आधी येईल त्याचा नंबर पहिला.

शैलजा_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा छापून मी काल गल्लीच्या बैठकीत वाचून दाखवला. चारही सोसायट्यांचे पदाधिकारी आले होते, समोरच्या इमारतींतले लोक आणि शाळेच्या मुख्याध्यापिकाही आल्या. काय ठरलं ते लिहिते, इतरांना उपयोगी पडेल.

चारही विकसन करारांना एकच जोडपत्र लागणार. गाड्यांचा टप्पावार आकडा, फक्त परवानगीच्या वजनात, शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळेआधी आणि नंतर अर्धा तास एकही अवजड गाडी नाही. गल्लीत एका वेळी सगळ्या साइट मिळून दोनच अवजड गाड्या. गेटवर माणूस, आणि गल्लीच्या तोंडाशी चौघांच्या खर्चाने एक सामाईक माणूस, ज्याच्याकडे चारही साइटचा फोन. कुठल्याही दोन साइटची खोदाई एकाच वेळी नाही. स्लॅबची तारीख आठवडाभर आधी नोटीस बोर्डावर, आणि एका दिवशी एकाच साइटचा स्लॅब. समोरच्या लोकांचा करार नसल्याचा प्रश्न वकिलांनी असा सोडवला की जोडपत्रात त्यांची तक्रार आमच्या सोसायटीची तक्रार मानली जाईल, आणि सामाईक माणूस ती लिहून घेईल.

एका विकसकाने लगेच मान्य केलं. दुसऱ्याने दिवसाच्या भाड्याने गाड्या घ्यायला नकार दिला, त्यावर बोलणं चालू आहे. रॅम्प आणि पुढच्या स्लॅबचं आमच्या आर्किटेक्टना सांगितलं. नकाशे अजून दाखल झालेले नाहीत, त्यामुळे होईल म्हणाले. सदाशिव_पेठी काकांचा मुद्दाही बैठकीत मांडला. आमच्याकडेही तीन घरांत ऐंशीच्या वरची माणसं आहेत, म्हणून पहिला नंबर आमचा लागावा असा आग्रह मी धरला नाही. परवानगी ज्याची आधी, त्याचा पहिला, हेच ठेवलं.

एक शंका राहिली. रस्ता, चेंबर, कंपाउंडच्या भिंती यांचं नुकसान चौघांपैकी कोणामुळे झालं हे कसं ठरवणार?

निवृत्त_वाहतूक

पाडकाम सुरू होण्याआधी पूर्ण गल्लीचं चित्रीकरण करून घ्या. प्रत्येक चेंबरचं झाकण, प्रत्येक भिंतीवरचा तडा, रस्त्याचा प्रत्येक खड्डा, जवळून. चारही विकसकांचे प्रतिनिधी हजर ठेवा आणि सह्या घ्या. मग प्रत्येक खोदाई संपली की तेच चित्रीकरण पुन्हा. खोदाया एकापाठोपाठ आहेत, त्यामुळे मधल्या काळात जे फुटलं ते त्या साइटच्या खात्यावर.

विनय_स्थापत्य

त्याला जोडून : चौघांकडून सुरुवातीलाच सारखी अनामत घ्या, सामाईक खात्यात. आणि चेंबरची झाकणं आत्ताच तपासून कमजोर असतील ती महापालिकेकडून जड वाहनांना चालणारी बदलून घ्या. अर्ज क्षेत्रीय कार्यालयाच्या ड्रेनेज विभागात करायचा, चेंबरचे फोटो आणि नकाशावर खुणा करून. पावसाळ्याआधी झालं तर उत्तम, कारण जूनमध्ये त्यांचे सगळे लोक नालेसफाईवर असतात.